प्रारूपाची निवड आणि एजंटांचा आग्रह

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सिम्युलेशनच्या क्षेत्रात एक मत इतके रुजले आहे की त्याला पुरावा मागणेही आता गैर वाटू लागले आहे. विषय माणसांचा, जनावरांचा किंवा वाहनांचा असला की एजंट-आधारित प्रारूप हेच खरे प्रारूप, असे ते मत. संगणकात प्रत्येक माणूस वेगळा उभा करावा, त्याला घर, कामधंदा, सवयी आणि निर्णयाचे नियम द्यावेत, आणि अशा लाखो माणसांच्या वागण्यातून समाज कसा घडतो ते पाहावे. अवकल समीकरणे ही कागद-पेन्सिलीच्या काळातली तडजोड होती. संगणक दुबळे होते म्हणून सरासरी काढावी लागली. आता संगणक समर्थ आहेत, मग सरासरी हवी कशाला? संशोधनाच्या प्रस्तावांत, परिसंवादांत, नगरनियोजनाच्या अहवालांत हा युक्तिवाद कधी उघडपणे, तर कधी गृहीत धरून मांडला जातो.

हे मत चुकीचे आहे, असे मला दाखवून द्यायचे आहे. एजंट-आधारित पद्धतीशी माझे वैर नाही. तिने गेल्या पन्नास वर्षांत जे दाखवले ते दुसऱ्या कोणत्याही पद्धतीला दाखवता आले नसते, असे मी मानतो. म्हणूनच तिच्या नावावर खपवला जाणारा दावा मला सहन होत नाही. प्रारूपाची पद्धत निवडणे हे जगाविषयी केलेले एक विधान असते आणि त्याला पुरावा द्यावा लागतो. एजंट वापरले म्हणून त्या जबाबदारीतून कोणाची सुटका होत नाही. दोन्ही बाजू मी मांडतो, निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण बळासह.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या शहरांत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वस्त्या वेगळ्या का पडतात, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी चौकटींच्या पटावर दोन प्रकारची नाणी मांडली आणि प्रत्येक नाण्याला एक माफक अट घातली : शेजाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश आपल्यासारखे असले की पुरे. अट मोडली तर नाणे दुसऱ्या जागी हलवायचे. थोड्याच फेऱ्यांत पट दुभंगला. वेगळी वस्ती कोणालाच नको होती, तरी ती झाली. सगळ्यांच्या आवडीची सरासरी काढून बसणाऱ्याला हा निष्कर्ष कधी सापडला असता?

वाहतुकीचे उदाहरणही तितकेच भक्कम आहे. काय नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग यांनी १९९२ मध्ये रस्त्याचे साडेसात मीटरचे तुकडे पाडले आणि प्रत्येक गाडीला चार साधे नियम दिले. त्यांतला एक नियम असा की चालक कधीकधी कारण नसताना किंचित मंदावतो. एवढ्याने संगणकातल्या रस्त्यावर अपघात नाही, सिग्नल नाही, तरी कोंडी उभी राहिली. पुढे २००८ मध्ये जपानी संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २३० मीटरच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ गाड्या एकसारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. काही वेळाने त्या खऱ्याखुऱ्या रस्त्यावरही कोंडी तयार झाली आणि उलट्या दिशेने सरकू लागली.

समीकरणे तोंडघशी कशी पडतात याचा दाखलाही पूर्वपक्षाजवळ आहे. इंग्लंडमध्ये रेबीज शिरला तर तो कोल्ह्यांमध्ये कसा पसरेल, याचे समीकरणी प्रारूप जेम्स मरे आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडले. त्यात पहिल्या लाटेनंतर काही वर्षांनी दुसरी लाट येत होती. डेनिस मॉलिसन यांनी १९९१ मध्ये बारकाईने पाहिले, तेव्हा दोन लाटांच्या मधल्या काळात दर चौरस किलोमीटरमागे उरलेले बाधित कोल्हे एकावर अठरा शून्ये दिल्यावर जी संख्या होईल, तितक्याव्या भागाएवढे निघाले. कोल्ह्याच्या त्या अंशातून पुन्हा साथ उसळत होती. खरा कोल्हा एक असतो किंवा नसतो. समीकरणाला हे ठाऊक नव्हते.

शेवटचा दाखला आपल्या मुंबईचा, आणि तो सगळ्यांत बोचरा आहे. साथींच्या गणिताचा पाया मानला जाणारा विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांचा निबंध १९२७ चा. आपले सूत्र खरे ठरते हे दाखवायला त्यांनी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबईत प्लेगने झालेल्या साप्ताहिक मृत्यूंचे आकडे घेतले. वक्ररेषा आकड्यांवर सुरेख बसली. पण ते सूत्र माणसाकडून माणसाला होणाऱ्या संसर्गाचे होते, आणि मुंबईतला प्लेग उंदीर आणि त्यांच्यावरचे पिसू यांच्यामार्फत पसरत होता. पिसवांची भूमिका पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्येच सुचवली होती. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे, हे केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी स्वतःच निबंधात नोंदवले आहे. शिवाय मुंबईत प्लेग वर्षानुवर्षे ठरावीक ऋतूतच चढत-उतरत होता, आणि ऋतू त्या सूत्रात कुठेच नव्हता. फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये हा ऋतूचा मुद्दा सविस्तर मांडला. म्हणजे रेषा जुळली, कारण चुकले.

पूर्वपक्ष इथे संपतो. तो दुबळा नाही. पण यांतल्या एकाही दाखल्यावरून ‘म्हणून नेहमी एजंटच’ असा निष्कर्ष निघत नाही.

सरासरीवरच्या आक्षेपापासून सुरुवात करू. पूर्वपक्ष तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधतो आणि तिन्हींवर एकच औषध सुचवतो. पहिली गोष्ट योगायोग : संख्या लहान असली की नशीब मोठे ठरते. दुसरी गोष्ट फरक : सगळी माणसे सारखी नसतात. तिसरी गोष्ट शेजार : कोण कोणाच्या संपर्कात येतो, याला ठरावीक रचना असते. या तिन्हींवर उपाय निरनिराळे आहेत, आणि पहिल्या दोन्हींवर एजंटांची गरजच नाही.

कोल्ह्यांचा प्रश्न योगायोगाचा होता. तिथे हवी होती पूर्ण संख्या आणि संभाव्यता. एकूण निरोगी कोल्हे किती, बाधित किती, आणि पुढची घटना केव्हा व कोणती घडेल हे संभाव्यतेने ठरवायचे, एवढ्याने काम भागते. अशी गणना काटेकोर कशी करावी, हे डॅनियल गिलेस्पी यांनी रसायनशास्त्रातल्या अभिक्रियांसाठी १९७७ पर्यंत दाखवून दिले होते. त्या पद्धतीत संख्या शून्यावर आली की साथ विझते, अंशात्मक कोल्हा उरतच नाही. त्यासाठी प्रत्येक कोल्ह्याचे चरित्र लिहायला नको.

फरकाचा प्रश्न मुंबईच्याच आकड्यांवरून समजून घेता येईल. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्तचाचण्यांचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांच्या शरीरात कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, झोपडपट्ट्यांबाहेर सुमारे १६ टक्के. या दोन आकड्यांची एकच सरासरी काढणाऱ्याने मुंबई पाहिलेलीच नाही, हे मान्य. पण एवढ्यावरून सव्वा कोटी एजंटच हवेत हे कसे सिद्ध होते? दोन गट घ्यावेत, प्रत्येक गटाची समीकरणे वेगळी लिहावीत आणि दोन्हींमध्ये देवाणघेवाणीचे एक पद ठेवावे. ५७ आणि १६ यांच्यातली दरी त्या चिमुकल्या प्रारूपातही दिसते, आणि ती कशामुळे पडली हे तिथे अधिक स्पष्ट दिसते, कारण लपायला जागाच नसते.

उरला शेजार. तिथे पूर्वपक्षाचे खरे बळ आहे. शेलिंगचा पट आणि नागेल-श्रेकेनबर्ग यांचा रस्ता, दोन्ही शेजाराची उदाहरणे आहेत. पण प्रत्येक साथ, प्रत्येक बाजारपेठ शेलिंगचा पट असते काय? हझीर रहमांदाद आणि जॉन स्टर्मन यांनी २००८ मध्ये याची सरळ परीक्षा घेतली. एकाच साथीचे एक समीकरणी आणि अनेक एजंट-आधारित प्रारूपे त्यांनी बनवली. एजंटांची जाळी पाच प्रकारची घेतली : सगळे सगळ्यांशी जोडलेले इथपासून, फक्त शेजारच्याशी जोडलेले इथपर्यंत. फक्त शेजाऱ्याशी संबंध असलेल्या जाळ्यात फरक ठळक पडला. बाकी बऱ्याच परिस्थितींत समीकरणाचे उत्तर एजंटांच्या उत्तरांच्या पसाऱ्यातच बसले. आकड्यांशी जुळवणी केल्यावर अंतर आणखी कमी झाले. शेजार महत्त्वाचा असतो, हे खरे. तो प्रत्येक वेळी निर्णायक असतो, हे सिद्ध करावे लागते.

आता तपशिलाकडे वळू. तपशील वाढला की प्रारूप सत्याच्या जवळ जाते, हा पूर्वपक्षाचा मूळ विश्वास आहे आणि माझे मुख्य भांडण याच विश्वासाशी आहे.

मुंबईच्या प्लेगचाच दाखला पुन्हा घेऊ. पूर्वपक्ष तो समीकरणांविरुद्ध वापरतो. मी वाचकांना एक कल्पना करायला सांगतो. समजा १९०६ मध्ये आजचे संगणक होते. त्या वेळच्या मुंबईचे दहा लाखांच्या आतबाहेरचे रहिवासी एकेक करून संगणकात उतरवले. गिरणगावातल्या चाळी, एका खोलीतली माणसे, गिरणीच्या पाळ्या, बाजार, गोदी, सगळे घातले. आणि संसर्गाचा नियम ठेवला माणसाकडून माणसाला. आकडे जुळले असते काय? नक्की जुळले असते. इतक्या पॅरामीटरांनी कोणतीही रेषा जुळवता येते. कारण बरोबर निघाले असते काय? मुळीच नाही. दहा लाख एजंटांत उंदीर नाही तो नाहीच. १९२७ च्या सूत्रात कमी होता तो माणसांचा तपशील नव्हे. उंदीर, पिसू आणि ऋतू यांची जागा रिकामी होती. ती जागा ओळखायला प्लेगचे ज्ञान लागते. एजंटांची संख्या तिथे उपयोगी पडत नाही. उलट तीन आकड्यांच्या सूत्रात ही उणीव शोधणे सोपे. लाखो ओळींच्या सिम्युलेटरमध्ये ती वर्षानुवर्षे दडून राहील.

हा निव्वळ कल्पनाविलास वाटत असेल, तर अलीकडचा इतिहास पाहा. १६ मार्च २०२० रोजी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने एक अहवाल प्रसिद्ध केला. नील फर्ग्युसन यांच्या चमूने फ्लूसाठी पूर्वी बनवलेले व्यक्ती-आधारित सिम्युलेटर कोरोनासाठी वापरले होते. काहीच उपाय केले नाहीत, तर ग्रेट ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार मृत्यू होतील, हा त्यातला आकडा जगभर गाजला. अवाढव्य सिम्युलेशनमधून आलेला आकडा म्हणून त्याला वजन मिळाले.

तोच आकडा वाचकांनी कागदावर काढून पाहावा. अहवालाने धरलेला पायाभूत प्रसारदर २.४ होता. केरमॅक-मॅकेंड्रिक यांच्या समीकरणांवरून साथीच्या अखेरीस किती लोक बाधित होतील याचे एक साधे नाते मिळते : न बाधलेल्यांचा हिस्सा म्हणजे प्रसारदर आणि बाधितांचा हिस्सा यांच्या गुणाकाराचे ऋण घातांकी मूल्य. प्रसारदर २.४ घेतला की बाधितांचा हिस्सा सुमारे ८८ टक्के येतो. अहवालाने बाधितांमधला मृत्युदर ०.९ टक्के धरला होता. ग्रेट ब्रिटनची लोकसंख्या साधारण साडेसहा कोटी. साडेसहा कोटी गुणिले ०.८८ गुणिले ०.००९. उत्तर ५ लाख १५ हजार. सिम्युलेटरमध्ये रचना वेगळी असल्याने बाधितांचा हिस्सा ८१ टक्के येत होता, पण मृत्यूंचा आकडा त्याच पट्ट्यात राहिला. जो आकडा जगाने एजंटांच्या गर्दीचे फलित मानला, तो १९२७ च्या गणिताने अर्ध्या पानात मिळतो.

मग ते सिम्युलेटर निरर्थक होते काय? अजिबात नाही. शाळा बंद ठेवल्या तर काय, बाधिताच्या घरच्यांनी घरीच राहायचे ठरवले तर काय, सत्तरीपुढच्यांनी संपर्क टाळला तर काय, या उपायांची तुलना हे त्याचे खरे काम होते. शाळा, घरे आणि वये वेगळी धरल्याशिवाय त्या प्रश्नांना हातच घालता येत नाही. म्हणजे एकाच अहवालातला एक प्रश्न समीकरणाचा होता, दुसरा एजंटांचा. त्यांची सरमिसळ झाली आणि सगळे श्रेय यंत्राच्या आकाराला गेले.

त्याच सिम्युलेटरची चिकित्सा पुढे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ९४० पॅरामीटर होते. त्यांतले मोजके १९ निष्कर्षावर प्रभाव टाकणारे ठरले, आणि निष्कर्षांतला सुमारे दोन तृतीयांश चढउतार फक्त तीन पॅरामीटरांवरून समजावता आला : संसर्गानंतरचा सुप्त काळ, अंतर पाळण्याची परिणामकारकता आणि बाधिताने विलगीकरणात जाण्यास लागणारा वेळ. बाकीच्या शेकडो पॅरामीटरांनी सत्यात किती भर घातली? त्यांनी प्रारूपाला भारदस्तपणा दिला. भारदस्तपणा म्हणजे पुरावा नव्हे.

एजंट-आधारित पद्धतीचा अभिमानबिंदू मानले जाणारे एक काम पुरातत्त्वातले आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये लाँग हाउस व्हॅली नावाचे खोरे आहे. इसवी सन १३०० च्या सुमारापर्यंत तिथे मका पिकवणारी माणसे राहत होती. मग ती खोरे सोडून गेली. रॉबर्ट ॲक्सटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एकेक कुटुंब एजंट म्हणून उभे केले, प्राचीन हवामानावरून दर वर्षीचे मक्याचे पीक ठरवले, आणि लोकसंख्येचा चढउतार प्रत्यक्ष पुराव्याशी बराच जुळवून दाखवला. काम सुंदर आहे. पण मार्को यान्सन यांनी २००९ मध्ये ते प्रारूप नव्याने बांधून तपासले, तेव्हा जुळणीचे बरेचसे श्रेय खोऱ्याच्या धारणक्षमतेला, म्हणजे जमीन किती जणांना पोसू शकते याला, जात असल्याचे दिसले. कुटुंबांच्या वागण्याच्या नियमांनी त्यात फारशी भर घातली नव्हती. लोकसंख्येची रेषा कुटुंबे काढत नव्हती. मका काढत होता.

त्या प्रारूपातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. तेराशेच्या सुमारास प्रत्यक्षात खोरे ओस पडले, पण संगणकातल्या खोऱ्यात काही कुटुंबे टिकून राहत होती. जमीन त्यांना पोसू शकत होती. म्हणजे नुसत्या दुष्काळाने माणसे गेली नाहीत. मागे राहणे शक्य असूनही ती निघाली, आणि त्यामागचे कारण समाजात शोधायला हवे. प्रारूप जिथे जुळले नाही, तिथे ते खरे बोलले. जुळणीच्या मागे धावणाऱ्यांना हे ऐकू येईल काय?

पूर्वपक्षाचे तिसरे विधान सर्वांत निरागस दिसते. एजंट ही जगाची नैसर्गिक भाषा आहे, असे ते सांगते. जगात माणसे आहेत, तर प्रारूपातही माणसे. इथे गृहीत धरण्यासारखे उरलेच काय? प्रोग्रॅमिंगमध्ये हाच विश्वास असा उतरतो : प्रत्येक एजंट म्हणजे एक ऑब्जेक्ट, त्याची स्थिती आणि त्याचे वर्तन त्याच्याच पोटात. या विश्वासाला वंशावळही आहे. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीची जननी मानली जाणारी सिम्युला ही भाषा ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी ऑस्लोमध्ये १९६० च्या दशकात घडवली, ती सिम्युलेशनसाठीच. जन्मच या कामासाठी झालेल्या पद्धतीवर शंका घ्यायची ती कशाला?

कारण ती पद्धत एक प्रश्न डोळ्यांआड करते : आधी कोण?

संगणकात एजंटांची यादी असते. प्रत्येक फेरीत यादीतल्या पहिल्याला हाक जाते. तो आपली चाल करतो आणि जग बदलतो. मग दुसऱ्याला हाक जाते. तो बदललेले जग पाहतो. शेवटच्याच्या वाट्याला सगळ्यांनी उष्टावलेले जग येते. चारा तुटपुंजा असेल तर यादीतले पहिले धष्टपुष्ट होतात, शेवटचे मरतात. रानात अशी यादी कुठे असते? कोणी म्हणेल, दर फेरीत यादी पिसून घ्या. घ्यावी, पण तेही गृहीतकच आहे. आज पहिला आलेला उद्या शेवटचा येऊ शकतो, असे ते म्हणते. खऱ्या जगात जो चपळ असतो तो रोजच पहिला येतो.

फंक्शनल पद्धतीने लिहिणारा याला वेगळे उत्तर देतो. आत्ताचे सगळे जग गोठवून ठेवायचे, प्रत्येकाची पुढची स्थिती त्या गोठलेल्या जगावरून काढायची, आणि सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचे. क्रमाचा प्रश्न मिटला. पण दोघांनी एकच रिकामी जागा निवडली तर? तो तंटा सोडवायला नवा नियम लागतो, आणि तो नियम म्हणजे पुन्हा जगाविषयीचे विधान. तिसरा मार्ग घटनांचा : काळ सलग ठेवायचा आणि प्रत्येक घटना तिच्या वेळेला घडू द्यायची. तो अनेकदा सर्वांत प्रामाणिक ठरतो, मात्र त्यासाठी प्रत्येक घटनेचा वेग माहीत असावा लागतो. तिन्हींत एजंट तेच, नियम तेच. उत्तरे तीच येतील काय?

येत नाहीत, याचा गाजलेला पुरावा आहे. मार्टिन नोवाक आणि रॉबर्ट मे यांनी १९९२ मध्ये एका पटावर सहकार्य आणि फसवणूक यांचा खेळ मांडला. प्रत्येक घर शेजाऱ्यांशी खेळते आणि पुढच्या फेरीत ज्या शेजाऱ्याला सर्वाधिक लाभ झाला त्याची रीत उचलते. फसवणाऱ्यांच्या गर्दीतही सहकार्य करणारे घोळक्यांनी टिकून राहतात, असे त्यांना दिसले. पडद्यावर गालिच्यासारखी नक्षी उमटली. पुढच्याच वर्षी बर्नार्डो ह्यूबरमन आणि नॅटली ग्लान्स यांनी एकच गोष्ट बदलली. सगळी घरे एकदम न बदलता एकेक करून, यादृच्छिक क्रमाने बदलली. तेच आकडे घेऊन सहकार्य नाहीसे झाले. नोवाक, मे आणि सेबास्टियन बोनहोफर यांनी १९९४ मध्ये उत्तर दिले की पॅरामीटरांच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात एकेक करूनही सहकार्य टिकते. तो वाद कोणी जिंकला, हा माझा प्रश्न नाही. माणसे सहकार्य का करतात, या गंभीर प्रश्नाचे उत्तर लूप कसा लिहिला यावर डोलत होते, आणि ते ध्यानात यायला दुसऱ्या पद्धतीने लिहिणारे कोणीतरी भेटावे लागले, हा माझा मुद्दा आहे.

म्हणजे ‘एजंट-आधारित’ हे एका पद्धतीचे नावच नाही. काळ टप्प्यांचा की घटनांचा, बदल एकदम की एकेक, जागा चौकटींची की जाळ्याची, एजंट आपली स्थिती स्वतः बदलणारा की नियम बाहेरून लावला जाणारा, या प्रत्येक वळणावर एक निवड असते. समीकरण लिहिणारा आपली गृहीतके निदान कागदावर मांडतो. एजंटवादी ती कोडमध्ये पुरतो आणि वर म्हणतो की आम्ही काहीच गृहीत धरलेले नाही. या क्षेत्रातल्या जाणत्यांनी हा धोका फार पूर्वी ओळखला. फोल्कर ग्रिम आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एजंट-आधारित प्रारूपांच्या वर्णनासाठी एक ठरावीक आराखडा सुचवला, तो यासाठीच. कोणती प्रक्रिया कोणत्या क्रमाने चालते हे त्यात स्वतंत्रपणे सांगावे लागते. जिथे एजंटांवर सर्वाधिक काम झाले, तिथूनच ही शिस्त आली आहे.

मग एजंट केव्हा घ्यावेत? प्रश्नातच एजंट असतील तेव्हा. २०२० मध्ये बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून शहराच्या पातळीवरचे सिम्युलेटर बनवले. मुंबईसाठी झोपडपट्टी आणि बिगर-झोपडपट्टी वेगळी धरून घर, शाळा, कार्यालय, वस्ती आणि प्रवास अशा संपर्कांची जाळी विणली. लोकल सुरू केली तर काय, कार्यालयांत ठरावीक टक्केच माणसे बोलावली तर काय, हे प्रश्न महापालिकेपुढे होते. लोकलमधून विरार आणि चर्चगेट एकमेकांना भेटतात. तो संपर्क वस्तीच्या सरासरीत मावत नाही. तिथे एजंट घेणे हे योग्य विधान होते, आणि त्याला प्रश्नाचाच आधार होता.

टाटा संस्थेत पुढे जे झाले ते मला आणखी महत्त्वाचे वाटते. कोटीभर एजंटांचे सिम्युलेशन चालवायला वेळ फार लागतो, म्हणून छोट्या शहराचे सिम्युलेशन करून मोठ्याचे उत्तर मिळेल काय, हे तिथे तपासले गेले. नुसते प्रमाण वाढवून उत्तर चुकते. पण सुरुवातीला बाधित थोडे असताना साथ वंशवृक्षासारखी योगायोगाने फांद्या फोडते, आणि बाधित पुष्कळ झाले की योगायोग एकमेकांत विरून ती जवळजवळ निश्चित वाटेने चालते, हे ओळखून दोन टप्पे वेगळे हाताळले तर छोटे सिम्युलेशन मोठ्याचे उत्तर देते. याचा अर्थ वाचकांनी नीट तोलावा. एजंटांनी भरलेल्या सिम्युलेटरच्या पोटातच एक संभाव्यतेचे आणि एक समीकरणाचे प्रारूप दडलेले होते. ते शोधल्यामुळे सिम्युलेटर कमी खरे झाले काय? उलट ते प्रथमच समजले.

समीकरणांच्या बाजूनेही अहंकार होऊन गेला आहे, हे लपवायचे कारण नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने आपल्या समीकरणी प्रारूपावरून साथीचे शिखर सप्टेंबरमध्येच ओलांडले गेले, आणि काळजी घेतली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत ती आटोक्यात येईल असे सांगितले. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत काय झाले ते घराघराला ठाऊक आहे. विषाणूचा नवा प्रकार आणि लोकांचे बदललेले वागणे त्या प्रारूपात नव्हते. पण यावरून एजंट श्रेष्ठ ठरत नाहीत. विषाणूचा नवा प्रकार कोटी एजंटांच्या प्रारूपातही कोणी घातला नसता, तर तो तिथेही अवतरला नसता.

पूर्वपक्षाचा शेवटचा बाण व्यवहाराचा आहे. संगणकाचा वेळ स्वस्त झाला, मग जास्तीचा तपशील घातल्याने बिघडते काय? बिघडते. स्वस्त झाली ती गणना. मोजमाप स्वस्त झालेले नाही. मुंबईतला माणूस आठवड्यात किती जणांशी किती वेळ बोलतो, लोकलच्या डब्यात किती वेळ उभा असतो, ताप आल्यावर कितव्या दिवशी कामावर जायचे थांबतो, हे कोणत्याही प्रोसेसरला काढता येत नाही. त्यासाठी दारोदार फिरावे लागते. जे मोजले नाही ते अंदाजाने भरले जाते, आणि एकदा कोडमध्ये गेले की अंदाज आणि मोजमाप यांतला फरक पुसला जातो. शिवाय पडद्यावर हलणारे ठिपके माणसाला जे पटवतात ते समीकरणाला कधी जमत नाही. आपल्या गल्लीतला ठिपका लाल झालेला पाहिला की मंत्रीही प्रश्न विचारायचा थांबतो. जे प्रारूप प्रश्न थांबवते, त्याच्याबाबतीत आपण अधिक कठोर असायला हवे.

म्हणून असा अहवाल ज्या आयुक्तांच्या किंवा सचिवांच्या टेबलावर येईल, त्यांनी तो उघडण्याआधी काही कागद मागावेत. याच प्रश्नाचे सर्वांत साधे प्रारूप काय उत्तर देते आणि एजंटांमुळे त्यात नेमका कोणता फरक पडला, हे एका पानावर. एजंटांचा क्रम बदलला, टप्पा दिवसाऐवजी तासाचा केला, तर निष्कर्ष टिकतो की कोलमडतो, हे दुसऱ्यावर. आणि पॅरामीटरांपैकी किती प्रत्यक्ष मोजलेले आहेत व किती अंदाजाने भरलेले, त्यांची यादी. हे कागद जोडलेले नसतील, तर अहवाल ज्यांनी पाठवला त्यांच्याकडे परत पाठवावा.